ओबीडी रीडर, आठ महिन्यांनंतर: मिसिंग मारणारी जुनी गाडी आणि तिसरा सिलिंडर

गाडी 2013 ची, पेट्रोल, चार सिलिंडरची, 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेली. गेल्या जूनमध्ये आईला घेऊन चिपळूणहून कराडला येत होते. पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाटात गाडी पिकअपच घेईना. दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी नुसती गुरगुर, मध्येच हिसके, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. बाहेर धो धो पाऊस, मागे एसटी.

हा दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश घरी नेता येते. लुकलुकत असेल तर मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच सैल करा आणि जागा मिळेल तिथे थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी हेळवाकपर्यंत गाडी तशीच रेटली.

गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ झाली, एअर फिल्टर बदलला, चार नवे प्लग बसले. आठवड्यात पुन्हा तेच. मग सांगण्यात आलं की फ्यूएल पंप गेलाय. खर्चाचा आकडा ऐकून मी दोन दिवस मागून घेतले आणि हजाराच्या आतलं ब्लूटूथ ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं छोटं यंत्र, मागवलं.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ते बसतं आणि मोबाइलवरच्या ॲपला जोडलं जातं. कोड आला पी 0303. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) तिसऱ्यात. (कुठला सिलिंडर ते ठरत नसेल तर पी 0300 येतो.) पण लाइव्ह डेटात फ्यूएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) अधिक 14 टक्के दिसत होता. ट्रिम इतका अधिक म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडतंय असं मी वाचलं होतं, त्यामुळे पंपाचं म्हणणं खरंच वाटलं. ऑर्डर द्यायचीच बाकी होती.

थांबले ते बरं झालं. सिलिंडर मिस करतो तेव्हा त्यातली हवा न वापरता तशीच बाहेर पडते. ऑक्सिजन सेन्सरला ती जास्तीची हवा दिसते आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) विनाकारण पेट्रोल वाढवत बसतो. म्हणून मिसिंग चालू असताना ट्रिमच्या आकड्यावर विसंबू नका, आधी मिसिंग काढा.

दोष कशात आहे ते शोधायला पैसे लागत नाहीत. इंजिन गार असताना, चावी काढून, तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल केली. प्रत्येकीला 10 चा एक बोल्ट. कनेक्टरची क्लिप मात्र जुन्या गाडीत बिस्किटासारखी तुटते, घाई करू नका. कोड पुसला, मलकापूरपर्यंत चक्कर मारली. नवा कोड पी 0301. कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे कॉइलच खराब. तो तिसऱ्यातच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन असं पुढे जावं लागलं असतं. नवी कॉइल बसवली आणि ट्रिम 3 टक्क्यांवर आला. पंप अजून तोच आहे.

ऑक्टोबरमध्ये पी 0303 पुन्हा हजर. या वेळी कॉइल उपसली तर खालचा रबरी बूट फुगून मऊ पडलेला आणि बोटाला इंजिन ऑइल लागलं. टॉर्च मारली, प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं. प्लग बाहेर काढला तर पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ. ठिणगी टोकाला न पडता त्या रेघेवरून इंजिनच्या धातूत निसटत होती. मूळ दोष टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, पॅकिंगचा होता, ते कडक होऊन झिरपत होतं. पहिली कॉइलही बहुधा त्यानेच खाल्ली. पॅकिंग, एक बूट आणि एक प्लग बदलला. ऑइलच्या या झिरपण्यासाठी रीडरकडे कोणताच कोड नव्हता. ते बोट कुठे ठेवायचं एवढंच सांगतं, कारण आपल्यालाच उकलून शोधावं लागतं.

तक्रारी दोन. ब्लूटूथ अधूनमधून तुटतं, आणि चालत्या गाडीत शेजारी आकडे बघणारं कुणी नसेल तर लाइव्ह डेटाचा उपयोग नाही. दुसरं, बंद गाडीतही ते करंट खातं. नऊ दिवस तसंच लावून मुंबईला गेले, परत आले तर बॅटरी उतरलेली.

घेण्याआधी गाडीचं साल बघा. भारतात बीएस-4 गाड्यांना ओबीडी-2 एप्रिल 2013 पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी हे रीडर बोलेलच असं नाही, कुणाचं तरी आधी लावून बघा.

घाट आता तिसऱ्या गिअरवर निघतो, आईही पुन्हा चिपळूणला यायला तयार झाली. दर महिन्याला तिसरी कॉइल काढून टॉर्च मारते. मार्चअखेर खोबण कोरडी आहे.