आयबुप्रोफेन ४०० : सुजेच्या दुखण्यावर पक्की, पण आधी औषधांचा डबा बघा

दाढ काढल्यावरचा ठणका, मुरगळलेला घोटा, पाळीच्या पहिल्या दिवसाची कळ. या तिन्ही दुखण्यांवर आयबुप्रोफेनची गोळी चालते, आणि दाढ व पाळीच्या दुखण्यात तर ती साध्या पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरते. अशा दुखण्यात शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं आणि ती तयार होणंच ही गोळी रोखते. पाळीत तर गर्भाशय आवळून धरण्याचं काम हीच रसायनं करतात. त्यामुळे कळ असह्य होईपर्यंत दम धरण्यात काही अर्थ नाही, सुरुवातीलाच घेतलेली गोळी जास्त चांगली लागू पडते. नुसत्या तापाला किंवा कणकणीला मात्र पॅरासिटामॉल पुरे.

अर्ध्या ते एका तासात आराम वाटू लागतो आणि तो ४ ते ६ तास टिकतो. मोठ्या माणसाने एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम घ्यावं, दोन डोसांत निदान ६ तास जाऊ द्यावेत आणि डॉक्टरांना न विचारता दिवसभरात १२०० च्या वर जाऊ नये. ४०० ने भागलं नाही म्हणून एकदम ८०० घेतल्याने दुखणं दुपटीने कमी होत नाही, पोटाचा त्रास मात्र वाढतो.

या औषधाबद्दलची आमची खरी तक्रार पाकिटावरच्या बारीक अक्षरांची आहे. 'अंगदुखीची गोळी' म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकत्र असतं. वेगळ्या नावाच्या दोन गोळ्या घेतल्या की नकळत दुप्पट डोस पोटात जातो. डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, असिक्लोफिनॅक ही नावं निराळी असली तरी कूळ एकच, त्यामुळे यांच्या जोडीला आयबुप्रोफेन नकोच.

जेवून घेतली की पोटाला धोका नाही, हा समज अर्धाच खरा आहे. जेवणानंतर मळमळ आणि जळजळ कमी होते, हे बरोबर. पण जठराचं अस्तर सांभाळण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतात आणि गोळी त्यांना रक्तातून गाठते. म्हणून भरल्या पोटीही अल्सर होऊ शकतो. पूर्वी अल्सर झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी ती स्वतःहून घेऊच नये. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर गोळी बंद करून थेट दवाखाना गाठावा.

किडनीचं गणित याहून फसवं, कारण दुखत काहीच नाही. रक्तदाबाची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि वर आयबुप्रोफेन हे तिन्ही एकत्र आलं की किडनीवर तिहेरी ताण येतो. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर तो आणखी वाढतो. अशा वेळी ही गोळी बाजूलाच ठेवा.

हृदयासाठी रोज छोटी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या बाबतीत आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचं काम अडवू शकतं. क्वचित घ्यावीच लागली तर साधी (वर आवरण नसलेली) अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर निदान अर्धा तास थांबावं, तेही डॉक्टरांना विचारूनच. डेंग्यूची शंका असेल तर रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ही गोळी नको. वेदनाशामक गोळीने दमा उसळला असेल तरी नको. गरोदरपणातही स्वतःच्या मनाने नकोच, आणि २० आठवड्यांनंतर तर बाळाच्या किडनीला धोका असतो.

मुलांचं सिरप बहुधा ५ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, पण बाटलीवर वाचून खात्री करा. डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो : किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला अडीच ते ५ मिली. कांजिण्या असतील तर देऊ नका आणि ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांशिवाय नाही. सिरपमध्ये औषध विरघळलेलं नसतं, ते तळाशी बसतं. बाटली न हलवता ओतली तर सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे चमचे जड. प्रत्येक वेळी बाटली खळखळून हलवा आणि स्वयंपाकघरातला चमचा न वापरता सोबत आलेल्या मापानेच द्या.