मोबाईल समोर ठेवून, की सूप मांडीवर असताना?

माणसाचं आयुष्य वळवणारी गोष्ट ऐकायची तर मोबाईलवर रेकॉर्ड करावी, की नुसतं शेजारी बसावं? सोलापुरात मी दोन्ही करून पाहिलं.

कुंभारीच्या घरकुलात एका मावशींकडे गेलो. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही विडी कामगारांची वसाहत. मोबाईल समोर ठेवला, तशा मावशी पदर सावरून ताठ बसल्या. ‘लई कष्ट केले बघा,’ एवढंच. सभेत बोलतात तसं.

पुढच्या वेळी मोबाईल खिशातच ठेवला. मांडीवर सूप, भिजवून कापलेली पानं, तंबाखू. मावशींची नजर बोटांवर, माझ्याकडे नाहीच. आणि मग आपोआप आलं : मिल बंद पडल्यावर मावशींचे मालक, म्हणजे नवरा, सहा महिने रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून परत यायचे. मावशींना ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी त्या डबा भरत राहिल्या. हे सांगताना विडीचा दोरा गुंडाळणारं बोट क्षणभर थांबलं. मध्येच एक शब्द तेलुगू, तो मी विचारलाही नाही.

रेकॉर्डिंगचा फायदा आहेच : शब्द, आवाज, सगळं राहतं. माझ्या आठवणीत निम्मं गळतं. मुलाचं वय तर मी चुकीचंच लिहून ठेवलं होतं. तरीही निवडायचं झालं तर मी सूपच निवडेन. रेकॉर्डिंग नंतर, मावशींना विचारून. त्या म्हणाल्या, ‘डब्याचं नको हं त्यात.’ नाव म्हणूनच इथे नाही.