महिन्याला एक स्पर्धा की हंगामात एकच? रत्नागिरीहून पळणाऱ्याचा हिशेब

ऑगस्ट लागला की आमच्या भाट्याच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर स्पर्धांच्या तारखा येऊन पडायला लागतात. नव्या मंडळींचा प्रश्न दर वर्षी तोच असतो. आधी साताऱ्याची हिल हाफ (डोंगरातली 21 किलोमीटरची हाफ मॅरेथॉन), मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादी, डिसेंबरात पुणे किंवा वसई-विरार, जानेवारीत मुंबई अशी महिन्याला एक धरायची, की बाकी सगळं सोडून जानेवारीवरच नजर ठेवायची? मी दोन्ही करून पाहिलंय. 2022-23 मध्ये सहा महिन्यांत सहा हाफ पळालो. त्यानंतरचे दोन हंगाम एकेकच मोठी स्पर्धा धरली. आता माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण महिन्याला एक पळणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. त्या वर्षाने मला बरंच शिकवलं.

सगळ्यात मोठा फायदा पावसाळ्यात कळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पहाटे साडेचारला पत्र्यावर सर वाजत असते, आणि समोर तारीख नसेल तर उठवत नाही. साताऱ्याची नोंदणी केलेली असली की माणूस उठतो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचंय आणि त्याच वाटेने उतरायचंय, हे डोक्यात असलं की भिजत का होईना भाट्याच्या झरीविनायक मंदिरापुढची चढण चारदा होते. शिवाय गर्दीत पहिले तीन किलोमीटर हात आखडता घेऊन पळायला स्पर्धेतच शिकता येतं. एकट्याने भाट्याच्या पुलावर कितीही वेळा घोकलं तरी ते अंगी येत नाही.

अडचण आठवडे मोजायला बसलो की दिसते. हाफ जीव तोडून पळालात तर पुढचे दहा-बारा दिवस पाय हलकेच वापरावे लागतात. पुढच्या हाफच्या आधीचा आठवडा पुन्हा हलका. चार आठवड्यांतून हे वजा केलं की नेटाने सराव करायला जेमतेम आठवडा-दीड आठवडा उरतो. माझी त्या हंगामातली पहिली हाफ 2 तास 4 मिनिटांची होती. पाचवी 2 तास 9 मिनिटांची, आणि तीसुद्धा सोप्या रस्त्यावर. वय वाढलं, हवा निराळी होती, असं म्हणता येईल, आणि एका माणसाच्या वेळेवरून नियम काढू नये हेही खरं. पण सहा स्पर्धा पळून मी सुधारलो नाही, एवढं मात्र झालं.

तरीही मी कदाचित तसाच पळत राहिलो असतो. मला थांबवलं ते बिबने, म्हणजे छातीवर लावायच्या स्पर्धकाच्या क्रमांकाने.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला हा विषय सुचणारही नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊन तो पिशवी घेऊन येतो. बहुतेक मोठ्या स्पर्धांत बिब आदल्या दिवसापर्यंत, ओळखपत्र दाखवून, स्वतः जाऊन घ्यावा लागतो. मुंबईचा बीकेसीतला एक्स्पो, म्हणजे बिब वाटायचं प्रदर्शन, शनिवारी आटोपतो, रविवारी सकाळी तिथे बिब मिळत नाही. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. शनिवारी सकाळची शाळा करून निघालो तर पोचेपर्यंत काउंटर बंद होतो. म्हणून सीएल (किरकोळ रजा) टाकून शुक्रवारी रात्रीच निघायचं. शनिवारी पहाटे परक्या शहरात उतरायचं, दहा वाजेपर्यंत कुठेतरी बसायचं, मग रांग. दुपारी लॉजवर, रात्री बाहेरचं जेवण, नव्या गादीवर तीन-चार तास झोप. ज्या दिवशी पाय वर करून पडायचं त्या दिवशी माणूस खांद्यावर बॅग घेऊन दिवसभर उभा. रविवारी दोन तास पळायचं आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात. दोन तासांच्या पळण्यासाठी तीन रात्री जातात, आणि हे वर्षातून सहा वेळा.

त्यातली पाचवी स्पर्धा घाटावरच्या एका शहरात होती. तेव्हा रजा शिल्लक नव्हती, म्हणून शनिवारी शाळा सुटताच निघालो. कुंभार्ली घाटात ट्रक बंद पडला होता, दोन तास तिथेच गेले. काउंटर सहाला बंद, मी पोचलो साडेसहाला. तिथला स्वयंसेवक अगदी नम्र होता. म्हणाला, “काका, किट आत ठेवून सगळे गेले. पहाटे स्टार्टला या, मी बघतो.” रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सव्वाचारपासून उभा होतो, बिब हातात आला पाच चाळीसला, सहाला स्पर्धा सुटली. 2 तास 9 मिनिटांची हाफ ती हीच. त्या मुलाने शब्द पाळला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण परतीच्या वाटेवर पाटणला चहा पिताना मी वहीत पुढच्या वर्षासाठी एकच स्पर्धा लिहिली होती.

आता ते दुसरं वेळापत्रक. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून 16 आठवडे मागे गेलं की सप्टेंबरअखेर येते, म्हणजे गणपती होऊन गेलेले असतात. 2024 ची स्पर्धा 21 जानेवारीला होती, मोजणी 1 ऑक्टोबरपासून सुरू झाली. आदल्या वर्षी अधिक श्रावण आल्याने गणपती लांबले होते, तरी अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरलाच झाली. कोकणातल्या माणसाला याहून सोयीची तारीख मिळणं कठीण. पाहुणे परतलेले, मखर माळ्यावर, पाऊस ओसरलेला.

हाफसाठी 16 आठवडे जास्त वाटतील. पण पहिले चार आठवडे ऑक्टोबरच्या उकाड्यात जातात, तेव्हा वेगाचं काही करायला जाऊच नये. नुसतं पळावं, घाम पुसावा. दिवाळीनंतर सकाळी हवा बदलते आणि अंतर आपोआप वाढतं. डिसेंबरातले रविवार तर सोन्यासारखे. फुलची, म्हणजे 42 किलोमीटरची, तयारी असेल तर 28 ते 32 किलोमीटरचे लाँग रन याच महिन्यात करावेत, पावसच्या रस्त्याने. मी त्यांचा शेवट मुद्दाम झरीविनायकापुढच्या चढणीवर करायचो, कारण मुंबईत पेडर रोडची चढण दमल्यावर येते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आरे-वारे आणि गणपतीपुळ्याच्या रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्यांमुळे पळणं धोक्याचं होतं, आणि नेमकं तेव्हाच टेपर सुरू करून अंतर कमी करायचं असतं. जानेवारीनंतर काही धरू नये असं माझं मत. दहावीची परीक्षा येते, बागा असलेल्यांना आंब्याची कामं असतात, आणि मार्चात सात वाजताच ऊन चटका देतं.

2024 ला हाफ 1 तास 57 मिनिटांत झाली. 2025 ला फुल पळालो, 4 तास 22 मिनिटं. दोन्ही वेळा शुक्रवारी रात्री निघालो, तीच रांग, तसंच लॉज. वर्षातून एकदा असलं की ते सोसतं, त्याची थोडी मजाही वाटते.

याचा एक तोटा नीट समजून घ्या. सगळं एकाच सकाळवर लागलेलं असतं. त्या आठवड्यात ताप आला तर वर्ष गेलं. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी एखादी जिल्ह्यातली टेन के (10 किलोमीटर) किंवा हाफ सरावापुरती ठेवावी, जिथे घरून पहाटे निघून दुपारी जेवायला घरी येता येतं. आता आपल्याकडेही स्पर्धा होऊ लागल्यात, तेव्हा हे जमतं. पण ती जोर लावून पळू नये.

आणि कोकण म्हणजे काही सगळं एक नाही. अलिबागकर मांडव्याहून बोटीने मुंबईत उतरून, बिब घेऊन संध्याकाळी घरी येऊ शकतो. त्याने महिन्याला एक धरली तर माझं काही म्हणणं नाही. सावंतवाडीकराला गोवा जवळ. नुसत्या टेन के पळणाऱ्यांनाही माझा आठवड्यांचा हिशेब लागू नाही, चार-पाच दिवसांत पाय मोकळे होतात. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या माणसाने मात्र दोनदा विचार करावा.

एकच धरायचं ठरलं तर रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे मुंबईसाठी नोव्हेंबरच्या मध्यावर. तो दिवस सराव-वहीतच लिहून ठेवा. आणि महिन्याला एक धरणारच असाल तर निदान एवढं करा: काही स्पर्धा अधिकारपत्र आणि ओळखपत्राच्या प्रतीवर बिब दुसऱ्याच्या हाती देतात. त्या शहरात मामेभाऊ, मेहुणा, जुना विद्यार्थी कोणी असेल तर आधी त्याला फोन करा, आणि पैसे भरायच्या आधी नियमांत ते कलम आहे का ते पाहून घ्या.