शेततळ्यावरचं तरंगतं घर: निवृत्तीनंतर तीन ऋतू राहून आलेला अनुभव

मराठवाड्यात पाण्यावर घर करून राहतो म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात तुम्ही घर तरंगवता कशावर? प्रश्न रास्त आहे. आमचं घर नदीवर नाही की धरणावर नाही. आमच्याच मोसंबीच्या बागेतल्या शेततळ्यावर आहे, पैठण तालुक्यात, पाचोडच्या अलीकडं. मार्गशीर्षात राहायला गेलो, आता दसरा तोंडावर आलाय. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिन्ही तिथं काढले, म्हणून लिहायला बसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, हे एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक. दोघांनाही पाण्याची ओढ. आधी मनात नाथसागरच होता, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. पण जलाशय शासनाचा, शिवाय १९८६ पासून तिथं जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात त्या पाण्यावर आपलं खासगी घर नेऊन ठेवायचा विचारही बरोबर नव्हे. तो विषय तिथंच संपला. मग पदरमोड करून खोदलेलं आमचं शेततळं डोळ्यासमोर आलं: चौतीस बाय चौतीस मीटर, खोली साधारण साडेचार मीटर, आत पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडं आधी विचारून घेतलं, मगच कामाला लागलो.

बांधणी थोडक्यात सांगते. खाली एचडीपीई प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे असतात, अर्धा मीटर लांब-रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच. एक ठोकळा सात किलोच्या आसपास, पिनांनी एकमेकांत अडकतो. एका चौरस मीटरला असे चार ठोकळे लागतात आणि ते साधारण साडेतीनशे किलो पेलतात. आमचा तराफा आठ बाय सात मीटरचा, म्हणजे पेलण्याची ताकद एकोणीस टनांच्या पुढं. घर, सामान, पाण्याची टाकी सगळं धरून वजन सात टनांच्या आत आहे. ही तफावत मुद्दाम ठेवली. कुणी काटोकाट हिशेब करून ठोकळे कमी घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका. पाहुणे येतात, पाऊस येतो, वारा येतो. तराफ्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या चॅनलची चौकट आणि तिच्यावर पफ पॅनलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या, भिंतींचं घर: एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी आणि पुढं ओसरी.

आता वाहतूक. परदेशातली तरंगती घरं कारखान्यातून थेट पाण्यात सोडतात आणि कालव्यांतून ओढत नेतात. ॲमस्टरडॅममधल्या आयबर्गची काँक्रीटच्या हौदावर उभी असलेली घरं तशीच नेलेली. आपल्याकडं सगळा खेळ रस्त्याचा. रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते, त्यामुळं सोळा फूट रुंदीचं घर एका तुकड्यात आणणं शक्यच नव्हतं. वाळूजला आठ-आठ फुटांचे दोन भाग बनवून घेतले आणि दोन ट्रेलरवर आणले. वाळूज ते बीड बायपास, तिथून आडूळमार्गे पाचोडच्या बाजूला ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, इथवर काहीच अडचण नाही. खरी परीक्षा महामार्ग सोडल्यावर, पाणंदीत. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा. लाइनमनला आधी अर्ज दिलेला होता, त्यानं पुरवठा बंद ठेवला तेव्हा ट्रेलर तारांखालून निघाले.

ज्यांना हे करायचंय त्यांनी महिना नीट निवडावा. तळं भरलेलं हवं, म्हणजे तराफा काठाला लागतो आणि घर उचलून ठेवता येतं. आणि पाणंद वाळलेली हवी, नाहीतर काळ्या मातीत ट्रेलरची चाकं रुततात. या दोन्ही गोष्टी आपल्याकडं एकाच वेळी मिळतात त्या कार्तिक ते पौषात. आषाढात रस्ता नाही, चैत्रात पाणी नाही.

उचलायला हायड्रा क्रेन बोलावली. चालक तळ्याच्या बांधावर चढवायला निघाला होता, ह्यांनी थांबवलं. भरावाचा बांध एवढं वजन घेत नाही, खचला तर गाडी तळ्यात आणि कागद फाटून पाणी वावरात. आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला भराव नाही, जमीन मूळचीच उंच आहे. तिथं लोखंडी पत्रे टाकून हायड्रा उभा केला. दुसरी अडचण अशी की पहिला भाग ठेवला की तराफा त्या बाजूला कलणार. त्यासाठी उरलेल्या अर्ध्या जागेवर पाण्यानं भरलेली दोनशे लिटरची पिंपं आधीच मांडून ठेवली होती. पहिला भाग बसला, मग दुसरा येत गेला तशी पिंपं रिकामी करत गेलो. तराफा जवळजवळ सपाट राहिला. पुरवठादाराच्या माणसांना हे सुचलेलं नव्हतं, ही ह्यांची कार्यशाळेतली अक्कल.

राहायला लागल्यावरचे पहिले महिने सुखाचे गेले. पहाटे टिबुकल्या ओसरीच्या कडेला डुबक्या मारतात, खंड्या दोरावर येऊन बसतो, पाणकावळे पंख पसरून वाळत उभे असतात. संक्रांतीचं हळदीकुंकू मी तिथंच केलं. गावातल्या बायका हौसेनं आल्या आणि एकीच्या शेजारी एक करत सगळ्या उगवतीच्या बाजूला बसल्या, तेव्हा ताटातले तिळगूळ घरंगळायला लागले. घर बुडण्याची भीती अजिबात नव्हती, पण निम्म्या जणींना पलीकडं बसवावं लागलं. एरवी दोघांच्या वावरण्यानं घर हललेलं कळत नाही. फक्त धुण्याच्या मशिनचं सुकवणं चालू झालं की सगळं घर थरथरतं, म्हणून मशिन काठावरच्या शेडमध्ये नेलं.

फाल्गुनापासून मात्र या घराचा खरा स्वभाव कळतो. केरळात वेंबनाडला किंवा श्रीनगरच्या दल सरोवरात हाउसबोटी असतात, तिथं पाणी वर्षभरात तळापर्यंत आटत नाही. आमचं पाणी बागेसाठी साठवलेलं. मोसंबीला ठिबक सुरू झालं की पातळी दिवसाला दोन-तीन बोटं उतरते, वरून ऊन आपला वाटा घेतं तो वेगळाच. तळ्याच्या बाजू उतरत्या आहेत, त्यामुळं घर काठाशी बांधलेलं राहिलं तर त्याची एक कड उतारावर टेकते आणि घर तिरकं होतं. म्हणजे पाणी उतरेल तसं घर मध्याकडं सरकवत न्यायचं. नांगर टाकता येत नाही, कागद फाटेल. चार कोपऱ्यांना बांधाबाहेर काँक्रीटमध्ये पाइप गाडलेत आणि त्यांना नायलॉनचे दोर. वरच्या अंगाचे दोर सैल करायचे, समोरचे आवळायचे. उन्हाळाभर हे काम एक दिवसाआड असतं, आणि ते करणारं धडधाकट माणूस घरात हवं.

पाणी उतरल्यावर दुसरी गोष्ट बदलते ती येण्या-जाण्याची वाट. तळं भरलेलं असताना काठ आणि ओसरी यांत दोन पावलांचं अंतर असतं. वैशाखात घर तीन मीटर खाली गेलेलं असतं. आम्ही ये-जा करायला नऊ मीटरचा ॲल्युमिनियमचा उतार (रॅम्प) केलाय, वरचं टोक बिजागरीनं काठाला, खालचं चाकांवर. दोन्हीकडं कठडा, पायाखाली खरखरीत पट्ट्या. तरीही उन्हाळ्यात तो चढ दम काढतो. माझे गुडघे सकाळी ठीक असतात, संध्याकाळी जार घेऊन चढणं होत नाही. पुरवठादार पाच मीटरचा उतार पुरेल म्हणत होता. त्या उतारावरून तीन मीटर खाली जाणं म्हणजे शिडीच झाली असती. निवृत्तीसाठी असं घर बघत असाल तर खोलीचा रंग आणि खिडक्या मागाहून बघा, आधी या उताराची लांबी विचारा.

उन्हाबद्दलचा समज मोडावा लागेल. पाण्यावर गारवा असतो हे भरलेल्या तळ्याला लागू. पाणी खाली गेलं की घर खड्ड्यात बसतं, बांधाआड वारा येत नाही आणि चारी बाजूंचा उघडा पडलेला काळा कागद तापतो. पारा बेचाळीसच्या वर गेला तेव्हा दुपारी घरात बसवत नव्हतं. आम्ही दुपारी गावातल्या जुन्या माळवदाच्या घरात जायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. जाड मातीच्या माळवदाची सर पफ पॅनलला येत नाही. रात्र मात्र छान असते. डासांसाठी तळ्यात गप्पी मासे सोडलेत, रोहू-कटलाही आहेत.

वैशाखाच्या शेवटी कंबरभर पाण्यावर पंप थांबवला. तेवढं पाणी, साधारण साडेचार लाख लिटर, घर टेकू नये म्हणून तळात राखलं. यंदा विहिरीनं साथ दिली म्हणून हे जमलं. ज्या वर्षी देणार नाही त्या वर्षी आधी झाडं. घर खाली टेकवायची तयारी म्हणून जुने टायर आणि काथ्याच्या चटया आणून ठेवल्यात. झाडं वाळताना बघून घर तरंगतं ठेवणं आम्हा दोघांनाही जमणार नाही, आणि ज्यांना बागेवर पोट भरायचंय त्यांनी तर या फंदात पडूच नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षितता. शेततळ्यात बुडून माणसं जातात, लेकरं जातात, ते पाणी खोल असतं एवढ्यानंच नाही. ओला कागद निसरडा असतो, पोहता येणाऱ्यालाही उतारावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नसतं. घर आणण्याआधी आम्ही चारी बाजूंना गाठी मारलेले जाड दोर आणि दोरांना टायर बांधून थेट तळापर्यंत सोडले. तळ्याला कुंपण आणि फाटकाला कुलूप. ओसरीवर दोरासकट ट्यूब टांगलेली असते. नातवंडं आली की ॲल्युमिनियमच्या उतारावर पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट, रडली तरी जॅकेट. हे सगळं मिळून घराच्या खर्चाच्या मानानं काहीच नाही, पण कुठल्याही पुरवठादाराच्या यादीत मला ते दिसलं नाही. याचा मला फार राग आहे.

दुसरा धोका विजेचा. रोहिणीच्या आसपास आणि परतीच्या पावसात आपल्याकडं विजा फार पडतात. मोबाइलवर दामिनी ॲप ठेवलंय. आसपास वीज दाखवली की गॅस बंद करून सरळ गावात. पाण्यावरच्या पत्र्याच्या घरात थांबून बघण्यासारखं त्यात काही नसतं. घरातले दिवे-पंखे बारा व्होल्टचे आहेत, सोलर पॅनल काठावर आहेत आणि नेहमीच्या घरगुती दाबाची एकच लाइन ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) लावून आत घेतलीय.

संडास काठावर आहे, शोषखड्ड्याचा. तळ्याचं पाणी बागेला जातं, त्यात घाणीचा थेंब जाता कामा नये. रात्रीसाठी घरात लहान पोर्टेबल टॉयलेट आहे, ते दोन दिवसांनी रिकामं करावं लागतं. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत जमा होतं, तिथून पंपानं काठावरच्या भाजीला. पिण्याला जार.

पावसाळ्यात दोन भागांच्या सांध्यातून गळती लागली. पुरवठादारानं माणूस पाठवायला इतका उशीर केला की शेवटी ह्यांनीच जुना लेप खरवडून, सांध्यावर पत्र्याची पन्हळ उलटी बसवून ती बंद केली. दोन तुकड्यांत घर घेणाऱ्यांनी ही पन्हळ कारखान्यातच लावून घ्यावी. तराफ्याखाली दिवड येऊन राहतात, बिनविषारी असतात, मारू नका. अस्तराचं तळं नुसत्या पावसावर भरत नाही. श्रावणापासून विहिरीचं पाणी उचलून सोडलं आणि घर हळूहळू वर येत गेलं. ज्या दिवशी ओसरीतून बांधापलीकडची मोसंबी पुन्हा दिसली त्या दिवशी मी पुरणाचा स्वयंपाक केला.

खर्च साडेबारा लाखांच्या आसपास झाला. ठोकळे आणि घर यांनी प्रत्येकी चार-सव्वाचार लाख घेतले, बाकी चौकट, उतार, सोलर, ट्रेलर, हायड्रा. ह्यांच्या फंडाचे पैसे. एवढ्यात काठावर दोन पक्क्या खोल्या झाल्या असत्या, आणि लेकानं तेच सुचवलं होतं. मला तरीही हेच घर हवं होतं आणि अजूनही हवंय. पण गावात दुसरं घर नसेल, दोघांपैकी एकाला चढ चढता येत नसेल, किंवा तळं दुसऱ्याच्या मालकीचं असेल, तर मी कुणालाही हे घ्या म्हणणार नाही.

दिवाळीनंतर उतार आणखी तीन मीटरनं वाढवायचाय आणि मधे टेकायला एक फळी बसवायचीय. वेल्डरशी बोलणं झालंय, माप ह्यांनी काढून ठेवलंय. ज्यांना बघायचं असेल त्यांनी आत्ता तळं भरलेलं असताना नाही, वैशाखात यावं.