डी अँड डी बियाँड: मास्टर टियर मी का सोडला

डी अँड डी बियाँड ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाची अधिकृत साइट आणि ॲप. ते कामाचं आहे, हे आधी सांगते. आमच्या कॅम्पेनची (लांबत जाणाऱ्या खेळाची) डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी. दोघं पुण्यात, एकजण नागपूरला, एकजण न्यू जर्सीत. त्यामुळे सगळ्यांची शीट (पात्रांची माहितीपत्रकं) एका ठिकाणी दिसणं ही आमची खरीच गरज. नवख्यांची तर फार सोय होते. विझर्डची (जादूगार पात्राची) लेव्हल वाढली की हिट पॉइंट (किती मार सोसता येतो), स्पेल स्लॉट (किती मंत्र टाकता येतात), सगळा हिशेब आपोआप होतो आणि पहिल्यांदा खेळणारा माणूस आकडेमोडीत न अडकता गोष्टीत रमतो. मास्टर टियर, म्हणजे सबस्क्रिप्शनचा वरचा स्तर, घेतला की डीएमने घेतलेली पुस्तकं बाकीच्यांनाही उघडता येतात. महिन्याला ५.९९ डॉलर, शिवाय एकेक मोठं पुस्तक तीस डॉलरच्या घरात. सगळ्यांनी मिळून काढले तर झेपतं.

तरी मी सबस्क्रिप्शन बंद केलं, कारण भरवसा राहिला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये, नियमांचं नवं पुस्तक प्लेअर्स हँडबुक यायच्या तोंडावर, हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने जाहीर केलं की शीटवरचे २०१४ च्या नियमांतले स्पेल आणि जादुई वस्तू काढून तिथे नव्या आवृत्तीतल्या येतील. जुने हवे असतील त्यांनी होमब्रू (घरगुती नियम) म्हणून स्वतः भरून घ्यावेत. जखमा भरणाऱ्या क्युअर वूंड्स या मंत्राचंच बघा. २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलला त्यासाठी आठ बाजूंचा एक फासा टाकायचा, २०२४ च्या नियमांत दोन. क्लेरिक (बरं करणारं पात्र) एका दमात जखमी साथीदाराला किती बरं करू शकेल यावर डीएमची अख्खी लढाई बेतलेली असते. गुहेतला ऑगर राक्षस किती जोरात मारणार, खेळाडूंची पार्टी पळून जाणार की टिकणार, सगळं त्या फाशाशी बांधलेलं. आणि हा बदल चालू कॅम्पेनच्या मध्यावर, टेबलावर कुणालाही न विचारता होणार होता! लोक प्रचंड भडकले, काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. चांगलं झालं. पण पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकातलं काय शीटवर राहील हे कुणाच्या हातात आहे, ते तेव्हा स्वच्छ दिसलं.

त्याच वर्षी त्याआधी सुटी खरेदी बंद झाली होती. पूर्वी एखादी सबक्लास (पात्राचा उपप्रकार) दोन-एक डॉलरला वेगळी मिळायची. रुपयांत कमावणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या पोरांसाठी तोच एक परवडणारा रस्ता होता. आता एका सबक्लाससाठी अख्खं पुस्तक घ्या. याचा राग मला अजून आहे.

जानेवारी २०२३ मधलं ओपन गेम लायसन्सचं प्रकरण बहुतेकांना आठवत असेल: हे नियम वापरून इतरांना स्वतःचं साहित्य काढू देणारा तो परवाना कंपनी बदलायला निघाली होती. तेव्हाही लोकांनी धडाधड सबस्क्रिप्शन्स रद्द केली, मगच कंपनी नमली आणि मूळ नियमांचा एसआरडी (संदर्भ-दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली खुला झाला.

ऑनलाइन टेबलाचं (स्क्रीनवर एकत्र खेळायच्या जागेचं) तर विचारूच नका. चौथ्या आवृत्तीबरोबर २००८ मध्ये डी अँड डी इनसायडर ही ऑनलाइन सेवा आली. त्यात कबूल केलेलं व्हर्च्युअल टेबल चाचणीच्या पुढे कधी गेलंच नाही, २०१२ मध्ये गुंडाळलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिजिल हे नवं थ्रीडी टेबल आलं आणि मार्चमध्येच ते बनवणाऱ्या बहुतेकांची नोकरी गेली. मास्टर टियर घ्यावा असं वाटायला लावणारं हे मोठं आमिष होतं. विझर्ड्सची मालक असलेल्या ज्या हॅस्ब्रोने २०२२ मध्ये डी अँड डी बियाँड १४.६३ कोटी डॉलरला विकत घेतलं, तिला ही टीम सांभाळणं जड जायला नको होतं.

पुस्तकांची पीडीएफ मिळत नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. सबस्क्रिप्शन थांबवलं तरी घेतलेली पुस्तकं खात्यात राहतात, पण ती वाचायची त्यांच्याच साइटवर आणि ॲपमध्ये. बाकीच्यांसाठी शेअरिंग बंद. पायझो ही दुसरी कंपनी पीडीएफ विकते, शिवाय तिच्या पाथफाइंडर या खेळाचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर फुकट वाचता येतात. फाउंड्री या ऑनलाइन टेबलाचं लायसन्स एकदाच घ्यायचं, तेही फक्त डीएमने.

नवीन खेळणाऱ्यांना एवढंच सांगेन: फुकटचं खातं उघडा, त्यात सहा कॅरेक्टर बसतात, चार-पाच जणांच्या ग्रुपला पुरे. लेव्हल वाढली की शीटची पीडीएफ काढून स्वतःकडे ठेवा. तीस डॉलर खर्च करायचेच असतील तर छापील पुस्तकासाठी करा. मास्टर टियर, आज आहे त्या अवस्थेत, मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही.