खिशातला नर्व्ह स्टिम्युलेटर: सहा महिने वापरून

मी फिरती भूलतज्ज्ञ. सकाळी कोथरूड, दुपारी बिबवेवाडी, मधे सिंहगड रोडचं ट्रॅफिक. छोट्या हॉस्पिटलांत भुलीचं मशीन असतं, मॉनिटर असतो, पण रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) किती उतरलंय ते सांगणारं काही नसतं. "डोकं उचला, पाच सेकंद धरा" असं पेशंटला सांगून पाहण्यावरच इतकी वर्षं भागवलं. शेवटी टिळक रोडजवळच्या एका सर्जिकल दुकानातून ही मज्जातंतूला विजेचे झटके देणारी डबी घेतली.

मनगटाशी अल्नर नर्व्हवर (अंगठा आत ओढणाऱ्या मज्जातंतूवर) ईसीजीचे दोन स्टिकर लावायचे. बटण दाबलं की अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार झटके, अंगठा कितीदा हलतो ते आपण मोजायचं. अ‍ॅट्राक्युरियम या रिलॅक्संटने आधी चौथा जातो, मग तिसरा; परत येतात ते उलट क्रमाने.

गेल्या महिन्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढायची केस होती. सर्जन टाके घालता घालता "झालंच, उठवा" म्हणाले. घड्याळाच्या हिशोबाने मीही रिलॅक्संट उतरवणारं निओस्टिग्मिन भरून ठेवलं होतं. बटण दाबलं तर अंगठा एकदाच हलला! एवढ्यावर निओस्टिग्मिनचा भरवसा नाही. बॅगेत सुगामॅडेक्स हे दुसरं उताऱ्याचं औषध होतं, पण ते रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियम या रिलॅक्संटना गिळतं, अ‍ॅट्राक्युरियमला ओळखतही नाही. अ‍ॅट्राक्युरियम शरीराच्या उष्णतेने आपोआप तुटतं, पेशंट गार पडला की रेंगाळतं. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एसी 18 वर. तो बंद करवला, पांघरूण घातलं, आणि वाट पाहिली. सर्जन चहा पिऊन आले. चौथा झटका दिसला तेव्हाच रिव्हर्सल (म्हणजे ते निओस्टिग्मिन) दिलं, आणि श्वासाची ट्यूब त्यानंतरही सावकाश काढली.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. चार झटके दिसले म्हणजे पेशंट मोकळा झाला असं नाही. चौथ्याच्या जोराचं पहिल्याशी प्रमाण 0.9 हवं, 0.4 च्या पुढे गेलं की चौघांतला फरक डोळ्यांना कळतच नाही. ही डबी आकडा देत नाही. आकडा देणारं यंत्र परवडत असेल त्यांनी तेच घ्यावं. स्कोलिन या वेगळ्या जातीच्या रिलॅक्संटच्या नेहमीच्या डोसनंतर चारही झटके सारखेच बारीक होतात, तेव्हा डबी बिघडली समजू नये.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण वायरीने घालवला: दुसऱ्याच महिन्यात क्लिप ढिली, आणि दुकानदार म्हणे, "मॅडम, वायरला वॉरंटी नसते." नवी वायर पदरचे पैसे घालून मागवली. आल्यावर आधी स्वतःच्याच मनगटाला लावून पाहिली. 20 मिलिअँपिअरलाच हातातला चहा सांडला.