दगड ओळखायचं अ‍ॅप: फुकटात ठीक, पैसे भरू नका

फोटो काढा नि दगड ओळखा म्हणणारं एक अ‍ॅप टाकलं मोबाईलमध्ये. आमच्या सावद्याकडे विहिरीच्या सुरुंगातून निघालेला बिनरंगी चौकोनी स्फटिक दाखवला तर आधी क्वार्ट्झ (गारगोटी) म्हणे, लाईट बदलली की कॅल्साईट (चुनखडीतलं खनिज)! अरे भो, क्वार्ट्झ काचेवर सहज ओरखडा काढतं आणि कॅल्साईटवर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला की फसफसतं, इथं दोन्ही नाही. सपाट टोक मोत्यासारखं चमकतं, बाजूंना उभ्या बारीक रेघा, म्हणजे हे अपोफिलाईट नावाचं खनिज, जळगावकडच्या काळ्या दगडात हे नि स्टिलबाईट नावाचं दुसरं खनिज निघतंच. फोटोवरून कडकपणा कळणार कसा? नावं चाळायला ठीक, पण वर्षाचं सबस्क्रिप्शन कशाला, त्यापेक्षा १० एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) भिंग घ्या. दोन स्टार, तेही जाहिराती कमी म्हणून.